ज्येष्ठांचा कट्टा: न येणाऱ्यांची वही

ओसरी

सोसायटीत, वॉर्डात किंवा गावात ज्येष्ठांचा कट्टा, संघ, विरंगुळा केंद्र चालवणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. विषय एकच: जो येईनासा झाला, त्याचं काय करायचं?

उद्घाटन, वाढदिवस, कोजागरी हे बहुतेक ठिकाणी छान जमतं. सुरुवातीला हॉल भरतो. वर्षभरानं तीच दहाबारा मंडळी उरतात आणि ती तर मुळातच हिंडतीफिरती असतात. गुडघे धरलेला, कानानं कमी झालेला, जोडीदार गेलेला माणूस हळूच गळतो. ते कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण हजेरीत फक्त आलेल्यांच्या सह्या असतात. म्हणून दुसरी वही हवी.

दोनशे पानी वही घ्या, एका सभासदाला एक पान. पानाच्या डोक्यावर: मजला कितवा आणि लिफ्ट आहे का, मुलाचा किंवा मुलीचा नंबर, शेजाऱ्याचा नंबर, घराची जादा किल्ली कुणाकडे असते, नेहमीचे डॉक्टर कोण, कुठल्या कानानं नीट ऐकू येतं. खाली तारखा. कट्टा रोजचा असेल तर न सांगता लागोपाठ तीन दिवस चुकले की फोन. आठवड्याचा असेल तर एकदा चुकलं की त्याच संध्याकाळी. लेकीकडे, गावी जाणाऱ्याच्या पानावर परतीची तारीख लिहायची. ती उलटल्यावर माणूस दिसला नाही, तर नियम तोच.

फोन एकट्या सचिवानं करायचे नाहीत. तो आजारी पडला की साखळी तिथेच तुटते. पाच-सहा सभासदांमागे एक पालक नेमा, शक्यतो त्याच गल्लीतला किंवा त्याच जिन्यावरचा. पालकालाही पालक हवा, हे बहुतेक जण विसरतात.

माहिती भरताना सभासदाची सही घ्या. वही दोघांच्याच ताब्यात असावी. पानाचा फोटो काढून ग्रुपवर कधीच टाकू नका. एकटं राहणाऱ्यांची यादी नंबरांसकट फिरली, तर ती नको त्या हातात आयती जाते.

खबरबात

वहीच्या कल्पनेला +१. पण वही मांडूनही जिथे काम होत नाही, तिथे चूक बहुधा फोनच्या पहिल्या वाक्यात असते.

“का आला नाहीत?” असं विचारलं की समोरचा सबब सांगतो आणि विषय संपतो. वयानं मोठ्या माणसाला ती झाडाझडती वाटते. “तब्येत कशीये?” याला “बरीये” एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा कामाचं बोला: “काका, उद्या कॅरमला चौथा गडी कमी पडतोय,” “काकू, गुरुवारच्या भजनाला ती गवळण तुमच्याशिवाय कुणाला येत नाही.” गरज खरी असली पाहिजे. खोटी असेल तर ती पहिल्याच दिवशी कळते.

फोनची वेळ सकाळी साडेदहा ते साडेअकरा. आंघोळ, पूजा, गोळ्या झालेल्या असतात आणि जेवण व्हायचं असतं. दुपारी दोन ते चार झोप, संध्याकाळी सातनंतर मालिका. रिंग पूर्ण वाजू द्या, आतल्या खोलीतून उठून यायला वेळ लागतो. उचलला नाही तर अर्ध्या तासानं पुन्हा. तेव्हाही नाही, तर शेजाऱ्याला. शेजारी नसेल तर त्याच दिवशी दारात जायचं, “उद्या बघू” नाही. न्हाणीघरात पडलेला माणूस ओल्या फरशीवर तासन्‌तास राहिला, तर मोडलेल्या हाडापेक्षा थंडीनं आणि पाण्याविना जास्त नुकसान होऊ शकतं.

सकाळच्या “सुप्रभात” मेसेजवर माणूस सुखरूप आहे असं समजणारे गट आहेत. त्यावर अजिबात विसंबू नका. फोन नातवाच्या हातात असतो, कधी नेटपॅक संपलेला असतो. आवाज ऐकल्याशिवाय वहीत खूण करू नये.

तांबडफुटी

तीन दिवसांत फोन म्हणजे पहारा नाही का वाटणार? काहींना खरंच एकटं राहायला आवडतं.

ओसरी

बरोबर प्रश्न आहे. म्हणून सभासद होतानाच विचारायचं आणि पानावर लिहायचं: “फोन कधी करू? तीन दिवसांनी, आठवड्यानं की करूच नको?” जो “करू नका” म्हणेल, त्याला करायचा नाही. मात्र हा प्रश्न दर वर्षी पुन्हा विचारायचा. नवरा-बायको दोघं असताना दिलेलं उत्तर एकजण गेल्यावर तेच राहत नाही.

शिवाय एकटं असणं आणि एकटं पडणं यात फरक आहे. ज्याच्याकडे ठरावीक कुणी येतं, ज्याचं वाचन, बागकाम, देवळात जाणं चालू आहे, त्याला कट्ट्यावर ओढू नका. ज्याचं हे सगळं एकेक करून बंद होत गेलं आहे, त्याच्याकडे लक्ष हवं.

सांजवात

जोडीदार गेल्यानंतरचं वेळापत्रक वहीत आधीच छापून घ्या, इतकं ते महत्त्वाचं आहे. तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. संघाची सगळी मंडळी एकदमच त्या गर्दीत जाऊन येतात आणि आपलं काम झालं असं समजतात. चौदाव्या-पंधराव्या दिवशी मुलं कामावर परततात, भांडी आवरली जातात, आणि घर पहिल्यांदा रिकामं होतं. पहिली खरी भेट तेव्हा. दोघांनीच जायचं, तासभर बसायचं, चहा आपण करायचा. नंतर दर आठवड्याला एकदा, तीन महिने. पुढे पहिली दिवाळी, लग्नाचा वाढदिवस आणि वर्षश्राद्धाचा आठवडा.

भेटीत दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. ओट्यावर शिजवल्याची खूण आहे का? एकट्यासाठी कोण करतं म्हणून चहा-बिस्किटावर दिवस निघतात. आणि गोळ्यांची पाकिटं. जोडीदारच गोळ्या काढून देत असेल, तर आता त्या चुकतात किंवा दोनदा घेतल्या जातात. सात दिवसांची खणांची डबी आणून रविवारी कुणीतरी भरून द्यावी.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं की नवरा गेलेली बाई त्या दिवशी घरीच बसते, आणि एकदा बसली की पुढच्या वेळीही येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. संघाला तर ठरावाचीही गरज नाही. तिळगूळ सगळ्यांना, वाण सगळ्यांना, आणि वाटायला त्याच काकूंना उभं करायचं.

कानसेन

येईनासं होण्याचं एक मोठं आणि दुर्लक्षित कारण म्हणजे ऐकू न येणं. माणूस ते सांगत नाही. “हल्ली कंटाळा येतो” म्हणतो. हसणाऱ्यांबरोबर अर्धा सेकंद उशिरा हसतो. हे दिसलं की ओळखा.

वयानं जाणारं ऐकणं बहुधा उंच पट्टीचं आधी जातं. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त, थ, क ही व्यंजनं निसटतात. म्हणून “आवाज येतो पण शब्द कळत नाही” ही तक्रार असते. यावर ओरडून उपयोग नाही, ओरडण्यात स्वरच मोठे होतात. थोडं सावकाश, समोर तोंड करून, ओठ दिसतील असं बोलायचं.

हॉलचा प्रश्न वेगळा. टाइल्सची फरशी, सिमेंटच्या भिंती आणि वर स्लॅब म्हणजे आवाज घुमणार. स्पीकरचा आवाज वाढवला की घुमणंही वाढतं. जाड सतरंज्या आणि खिडक्यांना पडदे, एवढ्यानंही फरक पडतो. एक मोठा स्पीकर व्यासपीठाशी ठेवण्यापेक्षा दोन छोटे मध्यावर, कमी आवाजात. बोलणाऱ्याला कॉलर माइक द्या, हातातला माइक तोंडापासून लांब जातोच. बोलणाऱ्यानं खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, चेहरा काळा दिसतो. वेळ, तारीख, पैसे हे फळ्यावर मोठं लिहाच. “सात” आणि “साठ” यात रोज घोटाळे होतात. गप्पांसाठी मोठं रिंगण करू नका, सहा-सहाचे गट करा.

श्रवणयंत्र घेऊनही कपाटात पडलेलं असतं, त्यामागे बहुधा साध्या गोष्टी असतात. जस्त-हवेचं बटन सेल असेल तर त्यावरचा कागद काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मग बसवायचा, लगेच बसवला तर पूर्ण ताकद येत नाही. कागद एकदा काढला की सेल वापरा न वापरा, उतरतो. म्हणून पाकिटातल्या सगळ्या सेलांचे कागद एकदम काढू नयेत. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत. कानात बसणाऱ्या साच्याचं भोक मळानं बुजलं असेल तर यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. महिन्यातून एक दिवस कट्ट्यावर “यंत्र पुसण्याचा दिवस” ठेवा. मऊ ब्रश, कोरडं फडकं आणि जादा सेल एवढं सामान पुरतं.

एक सावधगिरी: ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं, तर ते वय नव्हे. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे.

तांबडफुटी

“अर्धा सेकंद उशिरा हसतो” हे वाचून तीन चेहरे डोळ्यांसमोर आले. खुर्च्या आणि स्वच्छतागृहाबद्दल कुणी लिहील का?

सांजवात

स्वच्छतागृह आधी, कारण ते नसेल तर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग चक्कर येते, लघवीचा संसर्ग होतो. जागा निवडताना पंचवीस-तीस पावलांत कमोड आहे का, हे पहिलं बघा. दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला, तर बाहेरून दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून उघडता येईल अशी. धरायला भिंतीत खिळवलेला दांडा, टॉवेलची दांडी चालणार नाही, ती वजन घेत नाही.

खुर्चीची बैठक जमिनीपासून १७ ते १८ इंच आणि दोन्ही बाजूंना हात. बिनहाताच्या प्लास्टिक खुर्चीवरून उठताना माणूस पुढच्या खुर्चीचा आधार घेतो आणि दोन्ही घसरतात. उन्हात राहिलेल्या प्लास्टिक खुर्चीचे पाय न सांगता तडकतात. पांढुरकी रेघ दिसली की ती खुर्ची बाद. भारतीय बैठक हवीच असेल तर भिंतीलगत, उठताना टेकायला.

दर सहा महिन्यांनी एक साधी चाचणी घ्या. हाताच्या खुर्चीपासून १० फुटांवर खडूची रेघ मारा. नेहमीच्या चपला, काठी असेल तर काठीसह: उठायचं, रेघेपर्यंत नेहमीच्या चालीनं जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याची भीती जास्त समजून डॉक्टरांना दाखवायला सांगा. चाचणीत कुणीतरी शेजारून चालायचं. आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचू नका. स्पर्धा झाली की लोक धावतात.

दुपारची_उन्हं

वेळेचं बोलू. पाच ते सात ही वेळ पुरुषांच्या सोयीची आहे. त्या वेळी आजी नातवंडांना खाऊ देते, कणीक भिजवते, दिवेलागण करते. मग “बायका येत नाहीत” अशी तक्रार होते. आजीचा मोकळा वेळ म्हणजे दुपारची झाकपाक ते शाळेची बस. साधारण अडीच ते चार.

खबरबात

अडीचला उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात कोण बाहेर पडणार? आणि पुरुषांची झोप?

दुपारची_उन्हं

मार्च ते जूनमध्ये सकाळी साडेसात ते नऊ करा. माझा मुद्दा एवढाच की वेळ कार्यकारिणीनं ठरवू नये. दोन आठवडे दारोदार विचारून ठरवावी, आणि विचारायला बाईनं जावं. घरात सुनेसमोर “मला बाहेर जायचंय” म्हणणं सोपं नसतं, म्हणून सुनेलाही विचारात घ्या. हिवाळ्यात संध्याकाळचा कट्टा असेल तर सहाच्या आत संपवा. मोतीबिंदू असलेल्यांना समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यानं काही काळ काहीच दिसत नाही. त्या भीतीनंही माणसं येणं सोडतात.

पाणंद

गावाकडचं वेगळं आहे. इथं हॉल नाही, पार आणि देऊळ आहे. पारावर पुरुष बसतात, बाया देवळाच्या ओवरीत. बरीच म्हातारी माणसं अजून शेळ्या राखतात, निंदायला जातात. “कट्ट्याला या” म्हटलं तर हसतील. त्यांना गाठायचं ते बाजाराच्या दिवशी, पगाराच्या दिवशी, म्हणजे पेन्शन जमा झाल्यावर, बँकेच्या रांगेत, आणि एकादशीला.

चालणारी गोष्ट: बँकेला एकत्र जाणं. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेच्या पेन्शनचे पैसे काढायला आठ-दहा जणांनी मिळून एक रिक्षा, सोबत एक वाचता येणारा तरुण. पासबुक भरून घेणं, खात्याला आधार जोडलंय का बघणं, वर्षाचा हयातीचा दाखला देणं, सगळं एका फेरीत. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे झिजतात आणि अंगठा लागत नाही. म्हणून माणूस बँकेत जायलाच लाजतो. निवृत्तिवेतनधारकांसाठी जीवन प्रमाण या डिजिटल हयातीच्या दाखल्यात आता चेहऱ्यानं ओळख पटवता येते. उजेड समोरून हवा, चष्मा काढायचा, डोळ्यांची उघडझाप करायची. केंद्राच्या पेन्शनरांना हे नोव्हेंबरात करायचं असतं, ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून मुभा.

दुसरं, मुलं पुण्या-मुंबईला असलेल्या घरी रोज कुणीतरी जातंच: दूधवाला, आशाताई, पोस्टमन. त्यांना पालक करा. दुधाची किटली सकाळी दारात तशीच राहिली, तर कुणाला हाक मारायची, एवढंच दूधवाल्याला माहीत असलं तरी पुरे.

जमाखर्च

नोंदणीचं सांगतो. सात जण मिळून १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि पुढे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद होते. देणगी, महापालिकेची जागा, अनुदान हवं असेल तर हे लागतं. पण कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. तो राहिला की जुनेच विश्वस्त कागदावर राहतात. त्यातले दोघे वारले तरी बँक नव्या सह्या घेत नाही, आणि पैसे खात्यात अडकतात. तिघांपैकी कुणाही दोघांच्या सहीनं खातं चालवा. तिघेही सत्तरीपुढचे नसावेत, एक पन्नाशीतला घ्या.

ओसरी

यात एक भर घालते: नोंदणीची घाई नको. सोसायटीतल्या कट्ट्याला सर्वसाधारण सभेची परवानगी आणि खोलीची किल्ली पुरते. वर्षभर वही नीट चालली तरच नोंदणी करा. निवडणुकीवरून गट पडले की हरलेल्या गटाची सगळी माणसं एकदम न येणाऱ्यांच्या वहीत जातात, आणि तिथे कुणाचाच फोन चालत नाही.

तांबडफुटी

सहलीसाठी काही?

खबरबात

एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५च्या पुढे राज्यात फुकट. ओळखपत्र सोबत हवं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे, तेव्हा वर्गणी त्याप्रमाणे धरा. दर दीड तासाला स्वच्छतागृहासाठी थांबा, जागा आधी एकानं बघून यावी. जेजुरीचा गड चढायला लावण्याऐवजी सपाट जागा निवडा, म्हणजे काठीवाले मागे राहत नाहीत. जेवण साडेबाराला म्हणजे साडेबारालाच. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेतलेल्यांचं जेवण लांबलं की थरथर, घाम, असंबद्ध बोलणं सुरू होतं. शुद्धीत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, सुधारला की लगेच जेवायला बसवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

हडसनकाठ

परदेशी आलेल्या आईवडिलांबद्दलही लिहायला हवं. अमेरिकेत साधारण सहा महिन्यांसाठी येतात, आणि उपनगरात पायी जाण्यासारखं काही नसतं. मुलं कामावर, नातवंडं शाळेत. इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम शनिवार-रविवारी असतात, एकटेपणा मात्र मंगळवारी दुपारी असतो. घरून काम करणाऱ्या एकानं आठवड्यातून एकदा चार जणांना गाडीनं गोळा करून पाळीपाळीनं एकेका घरी सोडायचं, अकरा ते दोन. बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत रहिवाशांना खोली मिळते, थंडीत ती बरी.

फोन वायफायवरच चालत असेल तर दाराबाहेर पडताच तो निरुपयोगी. स्वस्तातलं प्रीपेड सिम घ्याच. खिशात घराचा पत्ता आणि दोन नंबर इंग्रजीत लिहिलेलं कार्ड. ९११ला आधी पत्ता सांगायचा, मग काय झालं ते. हे दोनदा घोकून घ्या.

सांजवात

फोनवर किंवा भेटीत काही विपरीत दिसलं तर पालकानं काय करायचं, तेही वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

कालपर्यंत नीट बोलणारा माणूस एका-दोन दिवसांत भलतंच बोलायला लागला, तर “चळलं” म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम घटणं, नवी गोळी, अंगातलं पाणी कमी होणं, यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर. विसरभोळेपणा महिन्यामहिन्यानं वाढत असेल तर ती वेगळी तपासणी.

जेवण सुटलं, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागले, “आता काय राहिलंय” असं वारंवार येतंय, तर नेहमीच्या डॉक्टरांना सांगा. टेलिमानस १४४१६ रात्रंदिवस चालतं. छळ, उपासमार, घराबाहेर काढणं यासाठी एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. रात्री ११२. पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून “डिजिटल अटक” सांगणाऱ्याला पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३०. अशी अटक कायद्यात नाहीच, हे मात्र दर महिन्याला मोठ्यानं सांगा. एकटा माणूस त्यात सापडतो, कारण कॉल चालू असताना खोलीत कुणी येत नाही.

तांबडफुटी

किल्लीचं नीट सांगा ना. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवायला लोक तयार होत नाहीत.

ओसरी

किल्ली जाड पाकिटात घालून चिकटवायची, चिकटवलेल्या कडेवर मालकाची सही, वरून पारदर्शक टेप. पाकीट फोडलं तर दिसतं, त्यामुळे दोघांच्याही मनाला स्वस्थता. उघडायचं झालं तर दोघांनी मिळून, आधी मुलाला किंवा मुलीला फोन करून. वहीत तारीख आणि वेळ. दर दिवाळीला पाकीट परत देऊन नवं करायचं, कारण मधल्या काळात कुणीतरी कुलूप बदललेलं असतं आणि ते सांगायचं राहून जातं. आतून कडी लावून झोपणाऱ्यांना मात्र किल्लीचा उपयोग नाही. त्यांना रात्री फक्त लॅच ठेवायला सांगा.